बारा मीटर

झोंगुलदाकमध्ये सपाट असं काही नाही,
समुद्र सोडला तर.
बाकी सगळं एकतर वर जातं, नाहीतर खाली.
बावीस वर्षं मी खाली गेलो, पगारासाठी.
आता वर जातो, फुकट.

घरापासून मशिदीच्या नळापर्यंत सत्तावन्न पायऱ्या.
आधी कुणी मोजल्या होत्या?
खांद्यावर बटाट्यांचं पोतं, तोंडात सिगरेट,
आणि वर पोचेपर्यंत एखादं भांडणही उरकलेलं असायचं.
आता सहा पायऱ्या, मग कठडा.
सहा, मग फिर्देव्सबाईंची खिडकी.
आणखी पाच, आणि तिथलं मांजर माझ्याकडे बघतं
उशिरा आलेल्याकडे मुकादम बघायचा तसं.

शेव्वाल नावाची पोरगी शिकवते आम्हाला,
आरोग्य केंद्रात, सोमवारी आणि गुरुवारी.
तिचेही आजोबा खाणीतलेच,
म्हणून आमच्यावर आवाज चढवायला कचरत नाही.
'नाकानं घ्या. ओठांचा चंबू करा. आता सोडा,
गरम चहावर फुंकर घालता तशी.
घाई नको, चहा कुठं पळून जात नाही.'
साठ वर्षं घालतोय मी चहावर फुंकर,
कुणी सांगितलं नव्हतं की ते औषध आहे.

बोटाला चिमटा लावते. लाल आकडा.
अठ्ठ्याऐंशी दिसला की म्हणते, आजोबा, दम खा.
दम खा!
दम लागतो म्हणून आलो, डॉक्टर म्हणाले दम धरा,
मुकादमानं जन्मभर दम दिला,
आणि खायला बसलो तर ताटात चिमूटभर.
तरी खातो. चावून चावून.

आयरानच्या रिकाम्या बाटल्यांत वाळू भरून
हात वर, हात खाली.
खुर्चीतून ऊठ, बस, ऊठ. दहादा.
हाजेर दारातून बघते, पदराआड हसू दाबावं तशी
रुमालाचं टोक तोंडाशी धरून.
मग तीच मोजायला लागते, मोठ्यानं,
मी सातवरून नवावर उडी मारू नये म्हणून.

थंडीत धुरांड्यांचा धूर गल्लीत उतरून बसतो.
तेव्हा खिडक्या बंद,
आणि स्वयंपाकघर ते न्हाणीघर चाळीस फेऱ्या.
काही दिवस नुसता खोकलाच येतो व्यायामाला.
मी नसतो.

फुफ्फुसं बरी व्हायची नाहीत,
हे शेव्वालनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.
दगड झालेलं दगडच राहणार.
'पाय तर अजून तुमचेच आहेत ना?'

सहा महिन्यांनी फीत टाकून सहा मिनिटं चालवलं.
तेव्हा दोनशे अठ्ठ्याण्णव मीटर. आता तीनशे दहा.
बारा मीटर.
हसू आलं. खाली आठवड्यात बारा मीटर बोगदा सरकला
की साहेब मिठाई वाटायचा.

घरी येऊन मोजलं:
माझ्या कठड्यापासून दुर्सुनच्या दारापर्यंत बारा मीटर.

आम्हा दोघांची नावं, पोर जगावं म्हणून ठेवलेली.
मी सातिलमिश, म्हणजे विकलेला.
माझ्या आधीची तीन गेली, म्हणून आईनं मला पिराला विकून टाकलं.
तो दुर्सुन, म्हणजे राहू दे.
राहिलो खरे.

दुर्सुन वर्गाला येत नाही.
म्हणतो, पाचशे चाळीस मीटर खाली केला तेवढा व्यायाम पुरे,
त्याचीच पेन्शन खातोय.
नाकात नळी, कोपऱ्यात यंत्र घुरघुरतं,
त्याच्यावर टीव्हीचा आवाज.

काल त्याच्या दारात उभा राहिलो,
वाटेत न थांबता आलेला.
बोलायला दोन मिनिटं लागली.
'काय विकायला आलास?' तो म्हणाला.
'मी आधीच विकलेला आहे.'

चहा आला.
दोघं फुंकर घालत बसलो, बराच वेळ,
पिण्याजोगा होऊन गेला तरी.

मग त्यानं खुर्चीच्या हातांवर पंजे टेकले,
उठला, नळी ताणली जाईपर्यंत,
टीव्हीकडेच बघत, जणू चॅनल बदलायचंय.
बसला.

एक, मी म्हणालो.
मनातल्या मनात.